स्लॅबला कट कुठं मारायचा आणि कुठं कटर हातातसुद्धा घ्यायचा नाही

मागच्या उन्हाळ्यात जुळे सोलापुरात एका साइटवर गेलो होतो, जी प्लस चारची बिल्डिंग, पार्किंगचं ट्रिमिक्स (पंपानं पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) होऊन आठ दिवस झालेले. मालकानं हाताला धरून नेलं आणि कॉलमच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी भेग दाखवली, पार भिंतीपर्यंत गेलेली. आणि त्या भेगेपासून हातभर अंतरावर कटरची रेघ, दोरी धरून मारल्यासारखी सरळ. "साहेब, जॉइंट मारलाय की, मग ही कुठनं आली?" मी एवढंच विचारलं की कधी मारला. तर म्हणे तिसऱ्या दिवशी, कटरवाला लग्नाला गेला होता.

झालं, उत्तर तिथंच आहे. भेग पहिल्याच रात्री पडून गेलेली असणार, फक्त धुळीखाली दिसली नसेल, आणि कटरवाल्यानं तिसऱ्या दिवशी येऊन शेजारी नुसती रांगोळी काढली.

हे एकाचं नाही, निम्म्या साइटवर हेच चालतं, आणि त्याच्या उलटं पण चालतं, म्हणजे जिथं कट मारायलाच नको तिथं वरच्या मजल्यावर कटर घेऊन जातात. म्हणून एकदा सगळं ओळीनं लिहून टाकतो, पार्किंगपासून गच्चीपर्यंत. लांब झालंय, पण भरणीच्या आदल्या दिवशी वाचलं तरी चालेल.

आखडतं म्हणजे किती आखडतं

काँक्रीट वाळताना आखडतं हे सगळ्यांना माहितीय, पण किती ते कुणी हिशोब करत नाही. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडात, डिझाइनसाठी एकूण आखडणं ०.०००३ धरायला सांगितलंय. म्हणजे १० मीटर लांबीत ३ मिमी. ऐकायला काहीच नाही. पण ते आखडताना खालचा मुरूम, बाजूची भिंत, मधले कॉलम त्याला धरून ठेवतात, सोडत नाहीत. पूर्ण धरून ठेवलं असं समजा, तर एम २५ (२५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट) साठी कोडातला ई, म्हणजे ताठरपणाचा आकडा, धरायचा २५००० आणि त्याला ०.०००३ नं गुणायचं, येतात ७.५ न्यूटन प्रति चौमिमी. आणि त्याच एम २५ ची वाकताना तुटायची ताकद ०.७ गुणिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ३.५. प्रत्यक्षात ताण एवढा चढत नाही कारण काँक्रीट हळूहळू थोडं सैल होतं, पुन्हा पूर्ण धरून पण कुणी ठेवत नाही, पण निम्म्यावर आला तरी संपलं. तर भेग पडणारच. आपल्या हातात एवढंच असतं की ती आपण सांगू त्या रेघेत पडेल का तिला वाटेल तिथं. कट मारणं म्हणजे स्लॅब मुद्दाम एका रेघेत कमजोर करून ठेवणं, दुसरं काही नाही.

त्यात आपलं सोलापूर. एप्रिल-मे ला ४२-४३ डिग्री, कोरडा वारा, मोकळा प्लॉट. वरचं पाणी बघता बघता उडतं. मिस्त्री रंधा ओढून मागं वळेपर्यंत वर सुकी साय धरलेली असते आणि त्यावर कोंबडीच्या पायासारख्या बारीक चिरा. त्या चिरा वेगळ्या बरं का, त्या ओल्या काँक्रीटच्या असतात, कटरनं थांबत नाहीत. त्यासाठी प्लास्टिकचा कागद झाका, वाऱ्याच्या बाजूला शेडनेट बांधा, पाण्याचा बारीक फवारा ठेवा. दोन रोग एक समजू नका.

आधी स्लॅबची जात ओळखा

बिल्डिंगमध्ये पायाखाली जे जे काँक्रीट येतं ते सगळं एक नसतं. पार्किंग किंवा बेसमेंटची जमीन ही मातीवर, मुरमावर टेकलेली, खालून आधार सगळीकडं. वरचे मजले हे बीम-कॉलमवर लटकलेले, त्यातलं लोखंडच त्यांना धरून ठेवतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे स्लॅबवर टाकलेला थर, कोबा किंवा आयपीएस (सिमेंटची घोटलेली फरशी) किंवा टाइलखालचा माल.

कटर मारायचा तो पहिल्या आणि तिसऱ्याला. दुसऱ्याला नाही. का नाही ते खाली सांगतो, पण ज्याला पुढं वाचायचा कंटाळा आहे त्यानं एवढं तरी लक्षात ठेवा.

पार्किंगचा नकाशा, पेन्सिल घेऊन बसा

कट कुठं येणार हे भरणीच्या दिवशी कटरवाल्यानं ठरवायचं नसतं, ते आदल्या आठवड्यात कागदावर ठरतं. कॉलमचा प्लॅन घ्या, त्यावर पेन्सिलनं रेघा मारा. पहिल्यांदा सगळ्या कॉलमच्या मधून जाणाऱ्या रेघा, उभ्या-आडव्या. मग जिथं आतला कोपरा येतो, म्हणजे जिन्याची भिंत जिथं वळते, लिफ्टचा डक्ट जिथं आत घुसतो, तिथून रेघ निघालीच पाहिजे, कारण भेग तिथूनच सुरू होते. एवढं झालं की चौकोन मोजा.

चौकोनाची बाजू स्लॅबच्या जाडीच्या २४ ते ३० पट ठेवायची. पुस्तकात ३६ पटीपर्यंत जातात, पण क्रश सँड, जास्त पाणी आणि आपलं ऊन बघता मी ३० च्या वर जात नाही, आणि कसंही झालं तरी ४.५ मीटरच्या वर नाही. चौकोन शक्यतो चौरस, लांबी रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. लांबट पट्टा ठेवला की तो मधोमध स्वतःच तुटून चौरस होतो.

एक खरोखरचं उदाहरण घेऊ. पार्किंग १८ मीटर बाय १२.६, कॉलम ४.५ आणि ४.२ मीटरवर. मालक म्हणतो १२५ मिमी जाडी पुरे. १२५ ची ३० पट म्हणजे ३.७५ मीटर, कॉलम तर ४.५ वर. मग काय करणार? ४.५ ची बाजू मधोमध तोडली तर चौकोन २.२५ बाय ४.२, दीडपटीच्या बाहेर गेला. म्हणून दोन्ही बाजू तोडायच्या, २.२५ बाय २.१. कटची एकूण लांबी होते १७८ मीटर. त्याऐवजी जाडी १५० केली तर ३० पट बरोबर ४.५, कॉलमच्या रेघाच पुरतात, कट फक्त ७४ मीटर. काँक्रीट वाढतं साडेपाच-पावणेसहा घनमीटर. म्हणजे एक मिक्सर गाडी जास्त आणि शंभर मीटर कट कमी, शिवाय शंभर मीटर फिलर (खाचेत भरायचा माल) कमी, आणि गाड्यांचं वजन घ्यायला २५ मिमी जास्तीचं. मी असतो तर १५० च घेतली असती. पण १५० ला पण ४.५ ही अगदी काठावरची गोष्ट आहे, तिथं पाणी जास्त टाकलेला माल चालणार नाही.

इथं एक शहाणपणा हमखास होतो, की १८ चे पाच भाग करू, ३.६ चे, १२.६ चे चार, ३.१५ चे, चौकोन एकदम सुंदर. सुंदर आहेत पण कॉलमला जुळत नाहीत, कॉलम कुठल्यातरी चौकोनाच्या पोटात येतो आणि त्याच्या कोपऱ्यातून भेग निघते. कॉलमशी भांडण करून रेघा मारता येत नाहीत.

खालची जमीन पण बघा. काळी माती असेल, आणि विजापूर रोड काय होटगी रोड काय, काळी माती आहेच, तर ती पावसात फुगते आणि उन्हात बसते, तिच्यामुळं आलेल्या भेगेला कुठलाही कट वाचवत नाही. ती काढून मुरूम भरा, थरावर थर, पाणी मारून रोलर फिरवून. हे काम झालं नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

कॉलम, चेंबर, लिफ्टचा खड्डा

कॉलम पायावर उभा, पार्किंगची जमीन मुरमावर. दोघं वेगवेगळे बसतात. त्यांना एकमेकांना चिकटवलं की भांडण. म्हणून कॉलमभोवती वेगळी पेटी करायची, चौकोनी पेटी पण ४५ अंशात फिरवलेली, म्हणजे पेटीचे कोपरे बरोबर कटच्या रेघेवर येतात. पतंग ठेवल्यासारखं दिसतं. पेटीच्या कडेला १२ मिमीची फोम शीट किंवा डांबरी बोर्ड उभा लावा, स्लॅबच्या पूर्ण जाडीत, वरपासून खालपर्यंत. आपल्याकडं थर्माकोल लावतात, चालतो, पण भरताना तो मोडून वर येतो आणि बिगारी लाथेनं परत खाली ढकलतो, मग खाली काँक्रीट चिकटतंच. खिळ्यानं किंवा मालाच्या गोळ्यांनी आधी पक्का बसवा. पेटीच्या आतलं काँक्रीट नंतर भरा.

पेटी सरळ ठेवली, म्हणजे कॉलमला समांतर, तर तिचे चार कोपरे चौकोनाच्या पोटात येतात आणि चारही कोपऱ्यातून बारीक भेग. मी स्वतः सुरुवातीला हेच केलंय, दोन बिल्डिंगा तशाच केल्या, मग एका सरांनी कागदावर पतंग काढून दाखवला तेव्हा डोक्यात शिरलं.

भिंतीच्या कडेनं, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, लिफ्टच्या खड्ड्याभोवती पण तसाच बोर्ड. ड्रेनेजच्या चेंबरवरून रेघ जाऊ द्या, चेंबर चौकोनाच्या मध्ये अडकवू नका, अडकलंच तर जवळची रेघ थोडी सरकवून चेंबरच्या कोपऱ्याला आणा. आणि रेघ कुठंही मध्येच संपवायची नाही, टी सारखी दुसऱ्या रेघेला जाऊन थांबली तर पलीकडच्या चौकोनात भेग तिचं राहिलेलं काम पूर्ण करते.

जाळी आणि डॉवेल

आपल्याकडं पार्किंगला ८ मिमीची जाळी टाकतात आणि ती सलग टाकतात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मग जॉइंट उघडणार कसा? सळई त्याला उघडू देत नाही, आखडण्याचा ताण मग चौकोनात जातो. म्हणून कटच्या रेघेवर जाळी तोडा, निदान एकाआड एक सळई तरी तोडा. जाळी वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास हवी पण कटच्या खाली हवी. १५० च्या स्लॅबला कट ३८-४० मिमी, तर जाळी वरून ५०-६० मिमीवर, चेअर (सळईचे टेकू) लावून. जमिनीवर पडलेली जाळी आणि भरताना हुकनं ओढून वर घेतो म्हणणारा मिस्त्री, दोन्हीवर विश्वास ठेवू नका.

जिथं गाड्या सारख्या ये-जा करतात, रॅम्पच्या तोंडाशी आणि मधल्या रस्त्यात, तिथं गुळगुळीत डॉवेल, म्हणजे जॉइंटच्या आरपार जाणाऱ्या सळया, टाकले तर बरं. १५० च्या स्लॅबला २० मिमी जाडीची प्लेन सळई, ४०० ते ४५० मिमी लांब, ३०० मिमीवर एक, निम्म्या जाडीत. एका बाजूला ग्रीस लावायचं म्हणजे ती सरकेल. सगळ्या एकमेकींना समांतर आणि आडव्या हव्यात, एक जरी तिरकी बसली तर ती जॉइंटला कुलूपच. टीएमटी (काटेरी सळई) वापरू नका, तिच्या रेषा काँक्रीटला धरतात.

कटर कधी लावायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथंच.

साधा कटर असेल तर फिनिशिंग संपल्यापासून ४ ते १२ तासात. उन्हाळ्यात ४ कडं, थंडीत १२ कडं. ट्रिमिक्समध्ये पंपानं पाणी ओढून घेतलेलं असतं, त्यामुळं ते लवकर कडक होतं, तिथं अजून घाई. "उद्या सकाळी येतो" हे वाक्य ज्या कटरवाल्यानं उच्चारलं त्याला बदला, नाहीतर भरणीची वेळ त्याच्या हिशोबानं बदला.

असं का ते समजून घ्या म्हणजे वेळ स्वतःच काढता येईल. भरणी सकाळी झाली तर काँक्रीट दुपारभर आतून पण तापतं आणि वरून पण, फुगून बसतं. संध्याकाळी हवा गार व्हायला लागली की ते आखडायला सुरू होतं, आणि तेव्हा त्याच्यात ताकद काहीच नसते. पहिली भेग जनरली त्या रात्री पडते. म्हणजे गारवा यायच्या आत कट पडला पाहिजे. मे महिन्यात मी भरणी संध्याकाळी सुरू करतो, उन्हं उतरल्यावर, फिनिशिंग रात्री अकरा-बाराला संपतं आणि पहाटे चार-पाचला कटर चालू. हॅलोजन लागतो, शेजारी ओरडतात, एकदा तर वरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी बादलीभर पाणी टाकलं अंगावर. चालतंय, पाणी मारायचंच होतं.

वेळ झाली का हे घड्याळ सांगत नाही, काँक्रीट सांगतं. खिळ्यानं ओरखडा काढा. खिळा रुतून माल वर येत असेल तर थांबा. नुसता पांढरा ओरखडा उठला की कोपऱ्यात फूटभर कट मारून बघा. कडेची खडी उपटून निघते, धार दात पडल्यासारखी दिसते, तर अर्धा तास थांबा. बारीकशी कड खरवडली जाते पण खडी जाग्यावर आहे, तर हीच वेळ, चालू करा. आणि ब्लेड खडीला सुरीसारखं कापत निघालं, कड अगदी काचेसारखी, तर मालक खूश होईल पण तुम्ही उशीर केलाय.

"काय करालाव साहेब, अजून ओला हाय की," म्हणून माझा मिस्त्री दर वेळी भांडतो. त्याला कड छान पाहिजे असते. मला भेग नको असते. थोडी खराब कड फिलरमध्ये झाकते, भेग कशातच झाकत नाही.

खोली जाडीच्या एक चतुर्थांश, कमीत कमी २५ मिमी. १२५ ला ३२, १५० ला ३८. ही खोली स्टीलच्या पट्टीनं मोजून बघा, दर दोन-तीन मीटरवर. ब्लेड झिजलं की वरून रेघ तशीच दिसते पण खोली २० वर आलेली असते. जादा ब्लेड आणि पेट्रोल साइटवर असू द्या. भिंतीपाशी मशीन पोचत नाही, शेवटचे सात-आठ इंच राहतात, ते हात ग्राइंडरनं त्याच दिवशी पूर्ण करा, ते सोडले तर भेग तिथं वळते. आणि क्रम असा ठेवा की जिथं आधी भरलं तिथं आधी कापायचं, त्यातही आधी मधली रेघ मारून मोठ्या भागाचे दोन करायचे, मग त्या दोनाचे चार. एका टोकापासून ओळीनं कापत गेलात तर शेवटचं टोक तोपर्यंत वाट बघत नाही. मोठा एरिया असेल तर दोन कटर बोलवा.

काम जमलं का हे बघायचं असेल तर रॅम्पच्या तोंडाशी जा, जिथं स्लॅबची कड उघडी दिसते. दोन-चार दिवसांनी कड ओली करून पुसा, पाणी वाळताना कटच्या बुडापासून खाली मुरमापर्यंत केसासारखी एक ओली रेघ राहते. ती भेग आहे. ती दिसली की मला चहा गोड लागतो.

पाणी मारणं आणि जॉइंट भरणं

कापलेला गाळ लगेच धुऊन काढा, वाळला तर खाचेत दगड होऊन बसतो. मग गोणपाट आणि पाणी. आयएस ४५६ प्रमाणे कोरड्या गरम हवेत साध्या ओपीसीला १० दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस. आपल्याकडं बहुतेक पीपीसीच येतं, म्हणजे १४. नळाला पाणी काही दिवसाआड, त्यामुळं टँकरचे पैसे भरणीच्या हिशोबातच धरा, नाहीतर पाचव्या दिवशी गोणपाट कडक भाकरीसारखं वाळलेलं असतं.

भरायची घाई करू नका. जॉइंट अजून उघडत असतो, लवकर भरला की फिलर एका बाजूनं सुटतो. निदान २८ दिवस, दोन-तीन महिने थांबता आलं तर फार चांगलं. तोपर्यंत खाचेत वाळू-खडे जाऊ नयेत म्हणून दोरी किंवा फोमची रॉड दाबून ठेवा. भरताना ब्लोअरनं धूळ काढा, खाच पूर्ण कोरडी हवी. जिथं चाकं फिरतात तिथं थोडा कडक इपॉक्सी फिलर, खाचेच्या बुडापर्यंत, म्हणजे कडेला आधार मिळतो. कॉलमच्या पेटीला आणि भिंतीच्या कडेला मऊ पॉलियुरेथेन सीलंट, खाली बॅकर रॉड घालून. सिमेंटची लापशी घालून भरू नका, ते म्हणजे मारलेला कट परत शिवून टाकणं.

वरचे मजले

आता मूळ भांडणाकडं येतो. एका ओळखीच्या साइटवर मालकानं मॉलच्या पार्किंगमधल्या रेघा बघितल्या आणि आपल्या चौथ्या मजल्याच्या हॉलला पण तशाच पाहिजेत म्हणून हट्ट धरला. कटरवाला आला, बीमच्या बरोबर वरून रेघ धरली, आणि दोन फुटांवर ब्लेडमधून ठिणग्या. सगळे म्हणाले खडी कडक आहे. खडी नव्हती ती.

हिशोब बघा. स्लॅब १२५ मिमी, वरचं कव्हर २० मिमी, त्याखाली ८ मिमीची सळई. म्हणजे सळई वरून २० ते २८ मिमीमध्ये. आणि एक चतुर्थांश कट म्हणजे ३१ मिमी. अख्खी सळई गेली. बीमवर स्लॅबचा ताण वरच्या अंगाला असतो, तिथंच वरचं लोखंड टाकलेलं असतं, ते तोडलं की स्लॅब दोन्ही बाजूंनी नुसता टेकवलेल्या फळीसारखा झाला. मध्ये मारला तरी बरं नाही, मध्ये वरचं काँक्रीट दाब घेतं, त्यात खाच पाडली म्हणजे जाडी कमी केली. त्या साइटवर काम थांबवून डिझाइनवाल्या सरांना बोलवावं लागलं, पुढचा खर्च विचारू नका.

वरच्या स्लॅबला भेग आवरायचं काम लोखंड करतं. आयएस ४५६ प्रमाणे टीएमटी असेल तर कमीत कमी ०.१२ टक्के प्रत्येक दिशेला. १२५ च्या स्लॅबला मीटरमागं १५० चौमिमी, ८ ची सळई ५० चौमिमीची, म्हणजे ३३५ मिमीवर एक, म्हणून ३०० धरतात. ही किमान गोष्ट आहे, लांब स्लॅब असेल, दोन्ही टोकांना लिफ्टच्या जाड भिंती असतील, तर डिझाइनवाले जास्त देतात आणि ते कमी करायचं नाही. बिगारी वरच्या सळयांवरून चालतात आणि त्या खाली दबतात, मग वरचं लोखंड मध्यात जाऊन बसतं आणि बीमच्या कडेनं वर भेग येते. चालायला फळ्या टाका, चेअर जास्त टाका. डक्ट, जिना, एसीच्या पाइपचं भोक यांच्या कोपऱ्यात तिरक्या जादा सळया. सेंट्रिंग लवकर काढू नका, ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला टेकू ७ दिवस, त्याच्या वर १४ दिवस, तेही ओपीसीचे आकडे आहेत, पीपीसी असेल तर अजून दम धरा.

एका दिवसात स्लॅब पूर्ण होणार नसेल तर भरणी कुठं थांबवायची हे आधीच सरांकडून ड्रॉइंगवर मागून घ्या. स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात थांबवतात, उभी फळी लावून, सळई फळीतून आरपार सलग. गाडी आली नाही म्हणून जिथं माल संपला तिथं उतार करून सोडून दिलं, हा जॉइंट नव्हे, ही गळतीची ऑर्डर. दुसऱ्या दिवशी फळी काढून खडी उघडी होईपर्यंत खरवडा, धुवा, ओलं करा, मग पुढं भरा.

लांबी ४५ मीटरच्या वर गेली की आयएस ४५६ एक्सपान्शन जॉइंट मागतं. आपली खडी काळ्या दगडाची, बेसाल्टची, तिचं काँक्रीट डिग्रीमागं मीटरला साधारण ०.००९ मिमी हलतं. ४५ मीटर आणि ३० डिग्रीचा फरक, झाले १२ मिमी. हा जॉइंट पायाच्या वरपासून गच्चीपर्यंत सरळ जातो, दोन्ही बाजूला वेगळे कॉलम, बीम, स्लॅब, भिंत, प्लास्टर, टाइल सगळं वेगळं. एल आकाराच्या बिल्डिंगला तर वळणावर तो लागतोच. किती रुंद ठेवायचा ते सरांना विचारा, कारण भूकंपात दोन भाग एकमेकांवर आपटू नयेत एवढी फट पाहिजे. १९९३ च्या किल्लारीचा हादरा आपल्याकडं ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे जास्त सांगायला नको. फट ठेवली आणि त्यात सेंट्रिंगच्या फळ्या, माल, विटांचे तुकडे पडू दिले तर ती फट नाही, पाचर आहे.

कोबा, टाइल आणि गच्ची

स्लॅबवरच्या थराला मात्र रेघा पाहिजेत. आयपीएसला काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, चौकोनाची बाजू २ मीटरच्या आत, आणि पट्टी थराच्या पूर्ण जाडीत. बीमच्या बरोबर वर एक पट्टी आलीच पाहिजे कारण स्लॅब तिथं वरून ताणला जातो. खालच्या स्लॅबमध्ये एक्सपान्शन जॉइंट असेल तर वर कोब्यात आणि टाइलमध्ये पण त्याच जागी, तेवढाच रुंद. ती रेघ टाइलच्या डिझाइनमध्ये बसत नाही म्हणून चार इंच सरकवली की वर्षाच्या आत टाइल वर उचलून टोपी घालते. कटरनं कोबा कापणार असाल तर जाडी आधी भोक पाडून बघा, ४० मिमीच्या कोब्यात ४५ चा कट म्हणजे परत तेच, स्लॅबच्या सळयांकडं वाट.

गच्चीवर मे मधली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यात फार फरक पडतो, तिथं कोबा पॅरापेटला चिकटवून भरला की तो तापल्यावर पॅरापेटला बाहेर ढकलतो. बाहेरून बघा, गच्चीच्या लेव्हलला आडवी भेग दिसते, जुन्या यंत्रमागाच्या शेडवर हे सर्रास आहे. कडेनं २० मिमी फट ठेवा, त्यात सीलंट, मग वर वाटा (भिंतीलगतची गोलाई).

तरी भेग आलीच तर

घाबरून लगेच फोडू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करा, बाजूला तारीख आणि रुंदी लिहा. आयएस ४५६ साधारणपणे ०.३ मिमीपर्यंतची भेग चालवून घेतं, पण ती गळती नसलेल्या जागी, गच्ची आणि बाथरूमला नाही. पार्किंगमध्ये केसासारखी असेल तर तशीच सोडा, रुंद असेल तर तिच्यावरूनच ग्राइंडर फिरवून खाच करा आणि फिलर भरा, तिलाच जॉइंट माना, ती जॉइंटच आहे, फक्त तुम्हाला न विचारता आलेली. वरच्या स्लॅबमध्ये खालून आरपार पाणी येत असेल, किंवा भेग बीमला समांतर वाढत चालली असेल, तर सरांना दाखवल्याशिवाय हात लावू नका. बाकीच्या भेगा एकदा गड्ड्याच्या (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) वेळी थंडीत आणि एकदा मे मध्ये जाऊन बघा, पेन्सिलची खूण भेगेच्या टोकालाच आहे का मागं राहिलीय.